सोलापूरहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब? हवाई अंतर स्वतः काढायला शिका

माझी मावसबहीण नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेली, त्या रात्री मावशीने मला विचारलं, "अगं, नेमकी किती लांब गेली गं आपली पोर?" मी फोनवर शोधलं. एकीकडे साडेतेरा हजार दिसलं, दुसरीकडे पंधरा हजारांच्या वर, तिसरीकडे आठ हजार चारशे. मावशी म्हणाली, "गाव एक आणि अंतरं तीन, असं कसं?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मी संध्याकाळी मुलांना भूगोल शिकवते, तरी त्या क्षणी तिला समजेल असं उत्तर मला देता आलं नाही. मग दोन दिवस बसून सगळं नीट जुळवलं. ज्यांच्या घरातलं कुणी पहिल्यांदाच परदेशी निघालंय, किंवा ज्यांना नकाशाची नुसती ओढ आहे, त्यांच्यासाठी ते इथे मांडते. दहावीचं गणित पुरतं. कागद, पेन, फोन आणि मिळाला तर शाळेतला पृथ्वीगोल एवढं जवळ घ्या. आणि हातभर सूत.

पहिली पायरी : कोणतं अंतर हवंय ते ठरवा

मावशीला दिसलेले तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. साडेतेरा हजार हे दोन गावांमधलं पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सर्वांत कमी अंतर. पंधरा हजारांच्या वरचं अंतर मध्ये विमान बदलून जाण्याचं. आणि आठ हजार चारशे हे पहिलंच अंतर, पण मैलांत.

पहिल्याला आपण हवाई अंतर म्हणतो. विमान प्रत्यक्षात त्याच रेषेवरून जातं असं मात्र नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

दुसरी पायरी : दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश मिळवा

फोनवरच्या नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरलं की खूण उमटते आणि दोन आकडे दिसतात. आधीचा अक्षांश, नंतरचा रेखांश. सोलापूरसाठी मी १७.६७° उत्तर आणि ७५.९१° पूर्व घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळासाठी ३७.६२° उत्तर आणि १२२.३८° पश्चिम.

इथे तीन ठिकाणी चूक होते, आणि मुलांच्या वह्यांमध्ये मला तिन्ही भेटल्या आहेत.

एक म्हणजे पश्चिम रेखांश. यंत्राला तो उणे चिन्हाने द्यायचा असतो, −१२२.३८ असा. चिन्ह विसरलात तर तुम्ही थेट चीनच्या किनाऱ्याजवळ उतरता.

दुसरी चूक अंश आणि मिनिटांची. जुन्या नकाशासंग्रहात सोलापूर १७ अंश ४० मिनिटं असं छापलेलं असतं. ते १७.४० नव्हे. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ४० ला ६० ने भागायचं, म्हणजे १७.६७ येतं. या एका गफलतीने आकडा तीस किलोमीटरने हलतो, जवळपास सोलापूर ते मोहोळ एवढा.

तिसरी चूक नावाची. लंडन कॅनडातल्या ओंटारिओतही आहे, मेलबर्न अमेरिकेतल्या फ्लोरिडातही आहे, आणि आपल्या शेजारच्या हैदराबादचा नामेभाई पाकिस्तानातल्या सिंधमध्ये आहे. म्हणून गावाच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी संकेत वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. सोलापूरचा एसएसई, मुंबईचा बीओएम, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं, कारण त्या शहरासाठी जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया असे तीन मोठे विमानतळ आहेत.

तिसरी पायरी : आधी जवळच्या गावावर हात बसवा

एकदम अमेरिकेला हात घालू नका. सोलापूर-हैदराबाद करून बघा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, आणि हे माप पृथ्वीवर कुठेही जवळपास तेवढंच राहतं. रेखांशाचं तसं नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत एकत्र मिळतात, म्हणून विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असलेला रेखांशाचा अंश सोलापूरच्या अक्षांशावर १०६ किलोमीटरचा होतो. १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणलं की हे माप मिळतं.

हैदराबाद १७.३९° उत्तर, ७८.४९° पूर्व. अक्षांशातला फरक ०.२८ अंश, म्हणजे ३१ किलोमीटर. रेखांशातला फरक २.५८ अंश, म्हणजे २७३ किलोमीटर. आता पायथागोरस. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर येतं २७५ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर तीनशेच्या थोडं वर जातं. याच रीतीने पुणे २३६ आणि मुंबईचा विमानतळ ३५८ किलोमीटर येतो. मुंबईला रेल्वेने ४५५ किलोमीटर पडतात, कारण लोहमार्गाला कुर्डुवाडी-दौंड-पुणे करत घाट उतरावा लागतो.

जाता जाता एक सांगते. हे १११ किलोमीटरचं माप भारतात काटेकोरपणे ठरवण्यासाठी माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. ब्रिटिश भूमापक विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पायारेषा (मोजणीची पहिली रेघ) मोजून त्रिकोणांची माळ उत्तरेकडे नेली. काम चालू असतानाच १८२३ मध्ये आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. त्यांची कबर तिथेच आहे.

चार-पाचशे किलोमीटरपर्यंत पायथागोरस छान चालतो. त्यापुढे पृथ्वीचा गोलवा आडवा येतो.

चौथी पायरी : पृथ्वीगोलावर सूत ताणा

ही माझी सर्वांत आवडती पायरी, आणि कृपा करून ती गाळू नका. गणित नंतर करा.

भिंतीवरचा जगाचा नकाशा आपल्याला फसवतो. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरायची तर कुठेतरी ताणावी लागते. १५६९ मध्ये नकाशाकार मर्केटरने केलेला नकाशा जहाजांसाठी उत्तम होता, कारण त्यावरची सरळ रेघ होकायंत्राची एकच दिशा धरून जाते. पण ती रेघ सर्वांत जवळचा मार्ग नसते. त्या नकाशावर सोलापूरहून पूर्वेकडे, पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला सरळ रेघ ओढली तर तिची खरी लांबी सुमारे १६,००० किलोमीटर भरते.

आता सूत घ्या. आपल्या गावात सुताला काय तोटा? पूर्व भागात कुणाचा माग ओळखीचा असेल तर कांडीवरचं हातभर सूत हसत देतील. पक्क्या पिळाचं घ्या, ताणलं की लांबणारं नको. एक टोक सोलापूरवर अंगठ्याने दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि सूत गच्च ताणा. मागावर ताणा ढिला राहिला की कापड बिघडतं, तसंच इथे. सूत थोडंही सैल असेल तर चुकीच्या वाटेवर पडून राहील. नीट ताणलंत की ते घसरत घसरत आपोआप एका जागी स्थिरावेल. तोच सर्वांत जवळचा मार्ग. शाळेच्या पुस्तकात त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा.

सूत कुठून गेलं ते बघा. पूर्वेकडून नाही, पश्चिमेकडूनही नाही. ते सोलापूरहून जवळजवळ उत्तरेला निघतं, हिमालय ओलांडतं, चीनच्या पश्चिम भागावरून सायबेरियात शिरतं, आर्क्टिक महासागराच्या कडेने जवळपास ७४° उत्तरेपर्यंत चढतं, अलास्कावरून खाली वळतं आणि कॅलिफोर्नियात पोचतं.

मावशी रोज संध्याकाळी गच्चीत उभी राहून पश्चिमेकडे बघायची. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला असते, म्हणून पोर तिकडे गेली असं तिच्या मनात बसलेलं. मी तिला गोल दाखवला आणि मग दिशा मोजून सांगितली. सोलापूरहून तिच्या लेकीकडे जाणारी सर्वांत जवळची वाट उत्तरेपासून फक्त सतरा अंश पूर्वेकडे झुकून निघते. तुळजापूर आपल्यापासून उत्तरेच्या साधारण चोवीस अंश पूर्वेला आहे. म्हणजे ही वाट तुळजापूरच्या अगदी अंगानेच सुटते. मावशीने सुतावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ गोल हातातून सोडला नाही.

आता मोजणी. तेच सूत विषुववृत्ताभोवती एक फेरा गुंडाळून लांबी मोजा. माझ्याकडच्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ती ९४ सेंटिमीटर भरली. सोलापूर-सॅन फ्रान्सिस्को सूत ३२ सेंटिमीटर. विषुववृत्ताचा खरा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. ३२ ला ९४ ने भागून त्याने ४०,०७५ ला गुणा. येतात सुमारे १३,६४० किलोमीटर. सूत आणि मोजपट्टी एवढ्या भांडवलावर हे उत्तर मिळतं, आणि ते खऱ्यापासून शंभर किलोमीटरही दूर नाही. गोल कुठल्याही मापाचा असला तरी चालतं.

पाचवी पायरी : सूत्राने पक्कं करा

फोनमधला गणकयंत्र आडवा केला की त्यात साइन-कोसाइनची बटणं येतात. आधी तो अंशांमध्ये आहे ना ते बघा. रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या मापावर, असेल तर सगळं उत्तर वाया जातं. साइन ३० दाबून ०.५ आलं म्हणजे ठीक.

सूत्र असं. पहिल्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्या अक्षांशाचा साइन, अधिक पहिल्याचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. जे येईल त्याचा व्यस्त कोसाइन (बटणावर cos⁻¹) काढला की पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन अंशांत मिळतो.

रेखांशांतला फरक आधी काढू. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा, म्हणून बेरीज. ७५.९१ अधिक १२२.३८ म्हणजे १९८.२९. हे १८० पेक्षा जास्त झालं, याचा अर्थ पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूने वळसा कमी पडतो. ३६० मधून वजा करा, १६१.७१ अंश.

साइन १७.६७ म्हणजे ०.३०३५, साइन ३७.६२ म्हणजे ०.६१०४. गुणाकार ०.१८५३.

कोसाइन १७.६७ म्हणजे ०.९५२८, कोसाइन ३७.६२ म्हणजे ०.७९२१. गुणाकार ०.७५४७. त्याला कोसाइन १६१.७१ ने, म्हणजे −०.९४९५ ने गुणलं की −०.७१६६.

दोन्हींची बेरीज −०.५३१३. व्यस्त कोसाइन १२२.०९ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १३,५७६ किलोमीटर.

बेरीज उणे आली म्हणून घाबरू नका. उणे याचा अर्थ अंतर दहा हजार किलोमीटरच्या वर आहे, एवढाच. आणि एक पडताळा कायम लक्षात ठेवा : पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन जागांमधलं हवाई अंतर सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण तो पृथ्वीचा अर्धा घेर झाला. उत्तर त्यावर गेलं तर हिशेबात कुठेतरी चूक झालीय.

पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांपाशी ६,३५७. त्यामुळे संकेतस्थळांवरच्या आणि आपल्या उत्तरात दहा-वीस किलोमीटरची तफावत दिसेल. घरच्या कामाला ती सोडून द्यावी. हातचं उत्तर आलं की गूगल मॅप्समधल्या अंतर मोजण्याच्या सोयीवर पडताळून बघा. ती लांबची रेघ वाकडी काढते. आता तुम्हाला त्याचं कारण माहीत आहे.

सहावी पायरी : मैल कुठले ते बघा

साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. त्या हिशेबाने आपलं अंतर सुमारे ८,४४० मैल. वैमानिक सागरी मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा. तो आकडा असा विचित्र का, तर अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर म्हणजे एक सागरी मैल. म्हणून आपल्या १२२.०९ अंशांना ६० ने गुणलं की थेट सागरी मैल मिळतात, सुमारे ७,३२५.

सातवी पायरी : विमान खरंच कुठून जातं

सोलापूरहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही. होटगी रोडच्या आपल्या विमानतळावरून २०२५ मध्ये आधी गोव्याची आणि मग मुंबईची सेवा सुरू झाली. कोणत्या दिवशी किती वाजता विमान आहे ते तिकीट काढायच्या दिवशीच तपासा. नाहीतर सिद्धेश्वर एक्सप्रेस आहेच. पुढच्या प्रवासाचं अंतर टप्प्याटप्प्याने मोजायचं, प्रत्येक टप्प्याला वरचंच सूत्र.

मुंबई ३५८, तिथून दुबई सुमारे १,९३०, दुबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०३०. एकूण १५,३०० च्या आसपास. हाच तो मावशीला दिसलेला दुसरा आकडा. सिंगापूरमार्गे गेलात तर मुंबई-सिंगापूर सुमारे ३,९२० आणि पुढे सुमारे १३,५८०, म्हणजे एकूण १७,८५० च्या घरात.

त्या १३,५८० वर जरा थांबा. सिंगापूर ते सॅन फ्रान्सिस्को आणि सोलापूर ते सॅन फ्रान्सिस्को, दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी आहेत! भिंतीवरच्या नकाशात सिंगापूर पॅसिफिकच्या दारात बसल्यासारखं दिसतं. पण ते विषुववृत्तापाशी आहे, जिथे पृथ्वी सर्वांत रुंद. आपण उत्तरेला आहोत, म्हणून वरून जवळचा रस्ता सापडतो. तिकिटं निवडताना याचा उपयोग होतो. मध्ये थांबायचं गाव आपल्या ताणलेल्या सुताच्या जितकं जवळ, तितका फेरा कमी.

थेट विमानंही सुतावरून काटेकोर जात नाहीत, त्याला कारणं आहेत. तिबेटचं पठार सरासरी ४,५०० मीटर उंच, म्हणजे जवळपास १५,००० फूट. विमानातल्या हवेचा दाब अचानक गेला तर प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो आणि तेवढ्यात विमान १०,००० फुटांच्या आसपास खाली आणावं लागतं. खाली डोंगरच असतील तर उतरणार कुठे? म्हणून मोठी विमानं तिबेट सहसा टाळतात. दुसरं कारण देशांच्या भांडणांचं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला.

आणि वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार झोत असतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० झालं, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा सुमारे दोन तास आधी, कारण वारा पाठीशी होता. लांबचा रस्ता लवकर संपला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या महिला वैमानिकांनी, कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली, सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू विमान उत्तर ध्रुवाकडून आणलं. त्या दोन शहरांमधलं हवाई अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे. माझ्या वर्गातल्या मुलींना मी ती वाट सुताने दाखवते.

आठवी पायरी : अंतरावरून वेळ, आणि घड्याळ

मोठं विमान वर गेल्यावर ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातं. अंतराला ९०० ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. बंगळुरू-सॅन फ्रान्सिस्कोचे १४,००० भागिले ९०० म्हणजे साडेपंधरा, अधिक अर्धा, सोळा तास. प्रत्यक्षात वाऱ्यानुसार तास-दीड तास इकडेतिकडे होतो, आणि जाताना-येताना वेळ वेगळी लागते.

तिकिटावरच्या वेळा मात्र त्या त्या गावच्या असतात. माझ्या भावाने पहिल्या वेळी पोचण्याच्या वेळेतून सरळ निघण्याची वेळ वजा केली आणि "चार तासांत अमेरिका" असं आईला सांगून टाकलं. सॅन फ्रान्सिस्को मार्च ते नोव्हेंबर आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, उरलेल्या थंडीच्या दिवसांत साडेतेरा तास. समजा उन्हाळ्यात मुंबईहून पहाटे दोनला निघून तिथे त्याच तारखेला सकाळी सहाला पोचायचं आहे. वरवर चार तास. त्यात साडेबारा मिळवा, साडेसोळा तास. हा खरा प्रवास.

यात सोलापूर ते मुंबईची रात्र, विमानाच्या तीन तास आधी पोचणं आणि मधल्या विमानतळावरची वाट वेगळी धरा. वयस्कर माणसं निघणार असतील तर घर ते घर असे एकूण तास एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. औषधांच्या वेळा त्यावरूनच ठरवता येतात, आणि जाणाऱ्याच्या जिवाला किलोमीटरच्या आकड्यापेक्षा त्या कागदाचाच जास्त आधार असतो.

मावशीच्या फ्रिजवर तसा कागद अजून चिकटवलेला आहे. लेकीला ती सकाळी साडेआठला फोन लावते. तिकडे तेव्हा आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात, आणि हिवाळ्यात सात.